आरशातली फ्रेम आणि नाकावरचा चष्मा

दुकानात दहा फ्रेमा लावून पाहिल्या, अकरावी आवडली, सोबत आलेल्यांनीही पसंती दिली. आठवडाभराने काचा बसवून चष्मा हाती आला आणि घरच्या आरशात तीच फ्रेम परकी वाटू लागली. डोळे बारीक दिसतात, काचेची जाड कड चौकटीबाहेर डोकावते, कानशिलाची रेषा काचेतून आत सरकल्यासारखी दिसते आणि दुपारपर्यंत चष्मा चार वेळा बोटाने वर ढकलावा लागतो. हा अनुभव इतक्या जणांना येतो की त्याचे खापर नशिबावर किंवा दुकानदारावर फोडून भागत नाही. फ्रेम तीच आहे आणि चेहराही तोच आहे. मग नेमके बदलले काय?

बदलली ती काच. दुकानात मांडलेल्या फ्रेममध्ये बिननंबरी प्लास्टिकची पातळ चकती असते. तिला डेमो लेन्स म्हणतात आणि फ्रेमचा आकार टिकवणे एवढेच तिचे काम. तिला जाडी नाही, फारसे वजन नाही, ती प्रकाश वाकवत नाही. म्हणजे दुकानाच्या आरशात आपण रिकामी चौकट पाहत असतो आणि निवडही त्या चौकटीचीच करतो. काच मात्र नंतर येते आणि येताना चष्म्याचे रूप, भार आणि तोल तिन्ही बदलून टाकते. ते कसे बदलेल हे आधीच सांगता येते, कारण त्यामागचा हिशेब सोपा आहे. आणि तो समजला की एक गोष्ट लक्षात येते: देखणेपणा आणि दृष्टीची सोय यांच्यात आपण समजतो तेवढे भांडण नाही. दोघांची मागणी बहुतेक वेळा एकच असते. डोळा चौकटीच्या मध्याजवळ असावा आणि चौकट नाकावर हलू नये.

चेहरा गोल की चौकोनी, हे नंतर पाहू

फ्रेम निवडण्याचा सर्वत्र सांगितला जाणारा सल्ला चेहऱ्याच्या आकारावर उभा आहे. गोल चेहऱ्याला कोनदार फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोलसर फ्रेम, आणि लांबट गोल चेहऱ्याला काहीही चालते. यात तथ्य अजिबात नाही असे नाही. गोलाव्याशेजारी कोन आला की दोन्ही उठून दिसतात, हे खरे आहे. पण बहुतेक चेहरे या तीन-चार खणांपैकी कुठल्याही एका खणात नीट बसत नाहीत. जबडा चौकोनी आणि कपाळ गोलसर असणारी माणसे आपल्या अवतीभवती भरपूर आहेत. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. हा तक्ता चेहऱ्याच्या बाह्यरेषेवर बोट ठेवतो, आणि समोरचा माणूस मात्र बाह्यरेषेकडे नव्हे, डोळ्यांकडे पाहतो.

याला प्रयोगाचा आधार आहे. व्हिएन्ना विद्यापीठातील हेल्मुट लेडर, मिखाएल फोर्स्टर आणि गेर्नोट गेर्गर यांनी २०११ मध्ये चार प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी तेच चेहरे चष्म्याविना, पूर्ण चौकटीच्या चष्म्यात आणि बिनचौकटीच्या म्हणजे रिमलेस चष्म्यात दाखवले. चष्मा असला की पाहणाऱ्याची नजर डोळ्यांच्या भागाकडे अधिक ओढली जाते, असे त्यांना आढळले. चष्मेवाली माणसे हुशार वाटतात हा जुना समजही या प्रयोगांत दिसून आला, पण परिणाम फ्रेमच्या प्रकारावर अवलंबून होता. रिमलेस चष्म्याने चेहऱ्याचे वेगळेपण थोडे पुसट झाले, मात्र माणूस अधिक विश्वासार्ह वाटला आणि आकर्षकपणात घट झाली नाही. आपल्या प्रश्नापुरता यातला पहिला निष्कर्ष मोलाचा आहे. चष्मा नजर डोळ्यांकडे नेत असेल, तर चौकटीत डोळा कुठे बसला आहे हीच गोष्ट सर्वांत आधी दिसते. बाहुली चौकटीच्या आडव्या मध्याजवळ आणि उभ्या मध्याच्या किंचित वर असली की चेहरा सुबक वाटतो. बाहुल्या नाकाच्या बाजूला फार सरकल्या की डोळे जवळजवळ आल्याचा भास होतो, मग फ्रेमचा रंग कितीही सुंदर असो.

काडीवरचे आकडे

*चौकटीतली माहिती:* फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बहुधा ५२□१८ १४० अशी नोंद असते. सर्व आकडे मिलिमीटरमध्ये असतात. ५२ ही एका काचेची रुंदी. काचेभोवती काल्पनिक आयत आखून ती मोजतात, मधला छोटा चौकोन त्याचीच खूण. १८ हे दोन काचांमधले अंतर, म्हणजे नाकावरच्या पुलाची रुंदी. १४० ही काडीची लांबी, कानामागच्या वळणासह. पहिले दोन आकडे मिळवले की (५२ + १८ = ७०) दोन काचांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मिळते. आपल्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराला पीडी म्हणतात, आणि प्रौढांमध्ये ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. हे दोन आकडे जितके जवळ, तितका डोळा काचेच्या मध्याजवळ.

दुकानात फ्रेम हातात घेतल्यावर किमतीच्या चिठ्ठीइतकेच लक्ष या आकड्यांकडे द्यायला हवे. पीडी मोजायला ऑप्टिशियनला मिनिटही लागत नाही. तो आकडा मागून घ्यावा आणि नंबराच्या कागदावर लिहून ठेवावा, कारण प्रौढपणी तो जवळजवळ बदलत नाही.

जाडी कुठून येते

मायनस नंबराची काच मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असते. ती किती जाड होणार हे नंबरावर ठरते, असे आपण धरून चालतो. पण नंबराइतकाच हात काचेच्या आकाराचाही असतो. गोल बुडाची कढई डोळ्यांसमोर आणा. तळाशी उतार जवळजवळ नसतो, पण तळापासून दूर जाल तशी कड झपाट्याने वर चढते. मायनस काचेचा आतला पृष्ठभाग असाच असतो. मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की जाडीतली वाढ दुपटीवर थांबत नाही, ती साधारण चौपट होते. म्हणून काचेची रुंदी थोडी वाढली तरी कडेची जाडी बरीच वाढते.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. नंबर मायनस ६ आणि पीडी ६० मिलिमीटर. पहिली फ्रेम ५६□१८, म्हणजे तिच्या मध्यबिंदूंमधले अंतर ७४. बाहुली काचेच्या मध्यापासून ७ मिलिमीटर नाकाकडे येते. काचेचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर ठेवावा लागतो, म्हणून तोही ७ मिलिमीटर आत सरकवतात. परिणामी कानाकडची कड या मध्यापासून २८ अधिक ७, म्हणजे ३५ मिलिमीटर दूर जाते. साध्या प्लास्टिकमध्ये, मध्यभागी २ मिलिमीटर जाडी धरली, तर ही कड ९ मिलिमीटरच्या पुढे जाते. आता दुसरी फ्रेम घ्या, ४६□१८. मध्यबिंदूंमधले अंतर ६४, सरकणे फक्त २, आणि कानाकडची कड मध्यापासून २५ मिलिमीटरवर. तिथली जाडी भरते साधारण पावणेसहा मिलिमीटर. माणूस तोच, नंबर तोच, काचेचे साहित्यही तेच, केवळ फ्रेम बदलल्याने कड साडेतीन मिलिमीटरने पातळ झाली.

डोळे बारीक दिसण्याचे आणि कानशिलाची रेषा आत सरकण्याचे उत्तरही इथेच आहे. मायनस काच तिच्यामागची वस्तू लहान करून दाखवते. डोळे लहान दिसणे नंबराबरोबर येते, ते पूर्ण टाळता येत नाही. पण रेषा आत सरकण्याचा भास मुख्यतः काचेच्या कानाकडच्या भागात होतो, आणि फ्रेम जितकी कानशिलाच्या बाहेर जाईल तितका तो ठळक होतो. काच कानशिलाच्या अलीकडे संपली की भास बराच कमी होतो. प्लस नंबराची गोष्ट उलटी आहे. तिथे काच मध्यभागी फुगते आणि डोळे मोठे दिसतात, पण रुंद काच कापायची तर मध्याची जाडी वाढवावी लागते, तेव्हा आटोपशीर फ्रेमचा फायदा तिथेही तेवढाच.

गोल आकाराला या हिशेबात एक सोय मिळते आणि एक अडचणही. महात्मा गांधी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या छायाचित्रांतून गोल चष्मा आपल्या नजरेत कायमचा बसला आहे. गोल काचेला कोपरे नसतात, त्यामुळे मध्यापासून दूर जाणारे टोकच उरत नाही. छोट्या गोल फ्रेममध्ये मोठा नंबरही नेटका मावतो. पण सिलिंडरचा नंबर असेल, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसेल, तर काच ठरलेल्या कोनातच बसली पाहिजे. चौकोनी काच चौकटीत फिरू शकत नाही. गोल काच मात्र स्क्रू सैल झाला की फिरते. १० अंशांनी फिरली तर सिलिंडरच्या नंबराचा सुमारे एकतृतीयांश दोष परत येतो, आणि ३० अंशांनी फिरली तर जणू काचेत सिलिंडर नाहीच अशी स्थिती होते. गोल फ्रेमचा हौशी माणूस आणि मोठा सिलिंडर यांची गाठ पडली, तर काच घट्ट बसली आहे ना, हे अधूनमधून तपासून घ्यावे.

पातळ काच घेतली की प्रश्न मिटला?

इथे एक रास्त आक्षेप येतो. आज हाय इंडेक्स, म्हणजे प्रकाश अधिक वाकवणाऱ्या साहित्याच्या काचा मिळतात. मोठा नंबर पातळ काचेत बसवता येतो. मग फ्रेमवर बंधन कशाला? साध्या प्लास्टिकचा, म्हणजे सीआर-३९चा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो, पॉलिकार्बोनेटचा १.५९, आणि त्यापुढे १.६७ व १.७४ येतात. आकडा चढेल तशी काच पातळ होते आणि किंमत वाढते. पण वरचेच उदाहरण पुढे नेऊ. त्या मोठ्या ५६□१८ फ्रेममध्ये १.६७ची काच बसवली तरी कड साधारण ७ ते ७.५ मिलिमीटर भरते. छोट्या फ्रेममधली साधी काच तिच्याहून पातळच होती. म्हणजे महाग काचेने जे जमले नाही ते फ्रेमच्या निवडीने फुकट साधले. दोन्ही एकत्र केले तर उत्तमच. पण फ्रेम चुकली तर काचेवरचे पैसे ती चूक झाकण्यातच जातात.

शिवाय पातळपणाचे मोल दुसरीकडे चुकवावे लागते. साध्या प्लास्टिकची काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते, १.६७ची काच ६ टक्क्यांहून अधिक. त्यामुळे अशा काचेवर परावर्तनरोधी लेप हवाच, नाहीतर समोरच्याला डोळ्यांऐवजी ट्यूबलाइट दिसते. या काचा रंगही अधिक फाकवतात. कडेच्या भागातून दिव्याकडे पाहिले की भोवती निळसर-पिवळसर किनार दिसू शकते. काचेच्या मध्यातून पाहताना हा दोष जवळजवळ जाणवत नाही, आणि छोट्या काचेला कडेचा भागच कमी असतो. इथेही फ्रेम मदतीला येते.

मध्याचा आग्रह का, याचे आणखी एक कारण आहे. प्रकाशीय मध्यापासून दूर गेले की कोणतेही भिंग प्रिझम होऊन प्रकाश एका बाजूला वळवू लागते. किती वळवते याचा नियम अमेरिकेतील चार्ल्स प्रेंटिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला: नंबर गुणिले सेंटिमीटरमधले अंतर. मायनस ६ची काच ३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसली तर एका डोळ्यामागे १.८ प्रिझम डायॉप्टर, म्हणजे एक मीटर अंतरावर प्रतिमा १.८ सेंटिमीटर सरकते. दोन्ही काचा विरुद्ध बाजूंना चुकल्या तर ही रक्कम दुप्पट. डोळ्यांचे स्नायू ती ओढ दिवसभर सांभाळत राहतात आणि संध्याकाळी डोके दुखते. नंबर चुकला असे वाटून माणूस पुन्हा तपासणीला जातो, पण नंबर बरोबरच निघतो.

दुसरा आक्षेप फॅशनचा. मोठ्या फ्रेमांचा काळ आहे, तर त्या घालूच नयेत का? नंबर एक-दोनच्या आत असेल तर वरचे बहुतेक हिशेब किरकोळ ठरतात. हौसेने घालाव्यात. पीडी मोठी असेल तर रुंद फ्रेममध्येही डोळा मध्याजवळच राहतो. नंबर मोठा आणि चौकटही ठसठशीत हवी असेल तर मार्ग आहे: काच छोटी आणि कडा रुंद. जाड कडेच्या ॲसिटेट प्लास्टिकच्या फ्रेममध्ये काचेची रुंदी ४६ असूनही फ्रेम भरदार दिसते, आणि काचेची उरलीसुरली जाडी त्या कडेच्या मागे लपते. रिमलेस फ्रेम मात्र मोठ्या नंबराला उघडे पाडते, कारण तिथे जाड कड झाकायला काहीच नसते. शिवाय तिच्या काचांना भोके पाडावी लागतात, आणि साधे प्लास्टिक भोकापाशी तडकू शकते.

भार शेवटी नाकावर

चष्म्याचा जन्म तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत झाला, पण कानांच्या दिशेने जाणाऱ्या ताठ काड्या अठराव्या शतकात लंडनमध्ये आल्या. मधली चारशेहून अधिक वर्षे लोक चष्मा हातात धरत, नाकावर चिमटवत किंवा दोरीने बांधत होते. काड्या आल्या तरी बहुतेक भार आजही नाकच पेलते, काड्या तो मागे धरून ठेवतात. त्यामुळे फ्रेम नाकावर कशी टेकते, हा रंगाच्या आणि आकाराच्याही आधीचा प्रश्न आहे.

ॲसिटेट किंवा साच्यातल्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये नाकाचा टेकू चौकटीचाच भाग असतो. तो नाकाच्या उताराशी जुळला तर भार सगळीकडे सारखा पसरतो आणि फ्रेम हलत नाही. जुळला नाही तर फारसे काही करता येत नाही. अनेक फ्रेमा उंच, अरुंद नाकांसाठी घडवलेल्या असतात. आपल्याकडे नाकाची ठेवण फार वेगवेगळी आहे, आणि बसक्या नाकावर अशी फ्रेम गालांवर टेकते. हसले की चष्मा वर उचलला जातो. अशा नाकाला तारेवर बसवलेले हलते पॅड असलेली फ्रेम सोयीची, कारण ते पॅड आत-बाहेर वाकवता येतात. काही ॲसिटेट फ्रेमांनाही असे पॅड मिळतात. एक सावधगिरी इथे हवी. काडीवरचा पुलाचा आकडा काचांमधले अंतर सांगतो, पॅडचा उतार सांगत नाही. १८ लिहिलेल्या दोन फ्रेमा एकाच नाकावर वेगळ्या बसू शकतात. हा एक मुद्दा आकड्यावर सोडू नये, फ्रेम लावूनच पाहावी.

घसरण्याची कारणे बहुधा तीन. पूल नाकापेक्षा रुंद आहे, काच जड असल्याने भार पुढे झुकतो, किंवा काडीचे वळण चुकीच्या जागी आहे. काडी कानाच्या वरच्या टोकाशी पोहोचताच खाली वळली पाहिजे. वळण कानाच्या मागे फार दूर असेल तर फ्रेमला पुढे सरकायला मोकळी जागा राहते. काड्या कानशिलांना दाबत असतील तरी चष्मा घसरतो, हे पुष्कळांना उलटे वाटेल. डोके कानशिलापासून मागे रुंदावत जाते, म्हणून बाजूंनी दाबणारी फ्रेम हळूहळू पुढे ढकलली जाते. काडीने फक्त कानाच्या जरा पुढे हलका स्पर्श करावा.

घसरलेला चष्मा नंबरही बदलतो. मायनस ८ची काच ५ मिलिमीटर पुढे सरकली की डोळ्याला ती साधारण ७.७ इतकीच जाणवते, आणि नंबर तर पाव-पावाच्या टप्प्यांनी देतात. चाळिशी उलटलेली, मोठ्या मायनस नंबराची माणसे वाचताना चष्मा नकळत खाली ओढतात, कारण जवळचे पाहायला त्यांना ही घट सोयीची पडते. लहान मुलांसाठी मात्र ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठी फ्रेम घेणे टाळावे. ती घसरते आणि मूल काचेवरून पाहू लागते. मग काचेचा उपयोगच राहत नाही.

साहित्याबद्दल फार लांबण लावण्याची गरज नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत आणि घामात त्वचेला निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियम बरे. ते हलके असते आणि गंजत नाही. तांबे मिसळलेल्या स्वस्त धातूच्या फ्रेमांवर घामाने हिरवट थर जमतो. ॲसिटेट कापूस किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनते आणि गरम करून वाकवता येते, म्हणून नाक-कानांशी जुळवून घ्यायला ते चांगले. मात्र तळपत्या उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नये.

चाळिशीनंतर उंची मोजा

प्रोग्रेसिव्ह काच लागणाऱ्यांसाठी रुंदीइतकीच उंची महत्त्वाची ठरते. अशा काचेत दूरचा नंबर वर, वाचण्याचा खाली आणि मधल्या पट्ट्यात नंबर हळूहळू चढत जातो. या चढणीला जागा लागते. काचेच्या रचनेनुसार बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत निदान १४ ते १८ मिलिमीटर हवेत. अरुंद आडव्या फ्रेममध्ये वाचण्याचा भाग कापला जातो आणि पैसे दिलेली अर्धी काच कचऱ्यात जाते. थेंबाच्या आकाराच्या एव्हिएटर फ्रेमचा धोका वेगळा. तिची उंची भरपूर दिसते, पण नाकाकडचा खालचा कोपरा तिरका कापलेला असतो. वाचताना डोळे आत वळतात, त्यामुळे वाचण्याचा भाग नेमका त्याच कोपऱ्याकडे असतो. प्रोग्रेसिव्ह घ्यायचे तर आधी पॅड आणि काड्या चेहऱ्याला जुळवून घ्याव्यात, आणि मगच डेमो लेन्सवर पेनाने बाहुलीची खूण करून घ्यावी. आधी खूण आणि नंतर जुळवणी केली तर खूण दोन-तीन मिलिमीटर चुकते. ऑनलाइन खरेदीतही पेच इथेच आहे. साध्या नंबराचा चष्मा पीडी माहीत असेल तर घरबसल्या मागवता येतो, पण ही उंची चेहऱ्यावरच्या फ्रेमवरच मोजावी लागते.

मोठ्या नंबराच्या माणसाची एक अडचण उरते: नवी फ्रेम लावली की आरशात स्वतःचा चेहराच धूसर दिसतो. अशा वेळी सोबतच्या कुणाला तरी दीड-दोन मीटरवरून समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगावे आणि जुना चष्मा लावून ते पाहावेत. हात लांब करून स्वतः काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि फ्रेम अरुंद दिसते, त्यावर विसंबू नये. समोरच्या फोटोत बाहुली चौकटीत कुठे आहे ते पाहावे, बाजूच्या फोटोत काडीचे वळण. आणि घरात एखादी जुनी फ्रेम अशी असेल की ती कधी घसरली नाही, कुठे टोचली नाही, तर दुकानात जाताना ती सोबत न्यावी. तिच्या काडीवरचे तीन आकडे पाहून, त्यांच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे शोध सुरू करावा. रंग आणि आकार पाहायचे ते त्यानंतर.